पाटावरची फाइल

हॅमिल्टन
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आई,

वहिनी हे तुला वाचून दाखवेल, म्हणून आधी तिलाही नमस्कार. फोनवर तू सगळ्याला 'हो हो' म्हणतेस आणि ऐकू काहीच येत नाही, त्यापेक्षा पत्र बरं.

नीलची सर्दी हटत नाहीये. इथल्या ऑगस्टमधल्या एवढ्या थंडीत अनवाणी शाळेत जायचं म्हणतो, इथली मुलं जातातच म्हणे. शेजारणीनं पिशवीभर लिंबं दिलीत. लोणच्याला मेथी भाजून घ्यायची की तळून, ते कळव.

आता मुद्द्याचं. नीलसाठी सरकारकडून जे पैसे मिळायचे ते बंद झालेत, आणि मागे दिलेलेही परत मागितलेत. कर खात्याला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, तुमचं उत्पन्न तुम्ही सांगता त्याहून बरंच जास्त आहे, तुम्हाला ट्रस्टकडून मोठा हिस्सा मिळालाय. आई, मला एक डॉलरसुद्धा मिळालेला नाही. रमण मला आणि नीलला सोडून ऑस्ट्रेलियाला गेल्यापासून माझं घर कसं चालतं ते तुला ठाऊक आहे.

मग दादाला विचारलं. तो म्हणाला, कारखान्याच्या कंपनीचा मालक एकच, तो म्हणजे आपला घरचा ट्रस्ट. कंपनीचा नफा ट्रस्टकडे येतो. तो तिथेच ठेवला तर कर भारी बसतो, आणि घरातल्या कमी कमाईच्या माणसाच्या नावानं दाखवला तर हलका. म्हणून थोडा माझ्या नावानं दाखवला. 'त्यावरचा कर भरून टाकलाय, तुझं काय गेलं?' असं वर मलाच विचारलं. मी म्हटलं, मला सांगायचं तरी. तर म्हणाला, 'आईनं ठरवलंय. माझ्याबरोबर ट्रस्टी ती आहे. तिची सही आहे.'

मला एवढंच सांग. गेल्या दिवाळीत सही केलीस तेव्हा हे तुला माहीत होतं का?

तुझी
मुग्धा

हिल्सबरो
१२ ऑगस्ट २०२५

मुग्धे,

वर मृदुलानं 'अनेक उत्तम आशीर्वाद' असलं काही लिहिलंय का बघ. मी तसं म्हटलेलं नाही. मी म्हटलं, आधी लिही की नीलच्या छातीला ओव्याचा शेक दे. आशीर्वादानं कफ सुटत नाही.

मेथी तळायची. भाजलीस तर कडू होते आणि मग तू मला फोन करून भांडतेस, आणि मी 'हो हो' म्हणते.

आमचं बरं आहे. गुरू उजाडायच्या आत ईस्ट टामाकीला कारखान्यात जातो. मृदुला घरूनच दुभाष्याचं काम करते, कानाला ते यंत्र लावून दिवसभर कोणाशी तरी गोड बोलते. मला वाटतं माझ्याशी बोलतेय, म्हणून मी उत्तर देते. आता हेही लिहितेस का गं? लिही, लिही. सांगितलं ते लिहायचं, त्यात आपली फोडणी घालायची नाही.

तुझं पत्र छान होतं पण फार आखूड. मृदुला म्हणते, शेवटी तू विचारलंयस, 'ट्रस्टमध्ये माझ्या नावानं हिस्सा दाखवलाय तो तुझ्याच सांगण्यावरून ना, तुला माहीत होतं ना?' अगं, मला नाही तर कोणाला माहीत असणार? तुझ्या बाबांचं दुकान आणि सहकारनगरचा फ्लॅट विकून पैसा इकडे आणला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. त्याच दिवशी गुरूला बजावलं होतं, माझी पोरं दोन आहेत, नावं दोघांची लागली पाहिजेत. दर दिवाळीला मी सही करते ती त्याचसाठी. माझी सही म्हणजे तुला ठाऊक आहे. गुरूनं शिकवली तशी रांगोळी काढल्यासारखी काढते. मध्ये कोणी बोललं तर शेपूट लांबते.

तेव्हा होय, माहीत होतं, आणि माझ्याच सांगण्यावरून. आईच्या जातीनं करायचं तेच केलं, त्यात आभार कसले मानतेस.

दिवाळीला लवकर या. नीलला सांग, आजीशी मराठीत बोलला तर जास्त चकल्या मिळतील.

तुझी आई

हॅमिल्टन
२० ऑगस्ट २०२५

ती. आई यांस,

आपलं पत्र मिळालं. माहीत होतं हे आपण स्वतःच सांगितलंत, बरं झालं. मला वाटलं होतं, दादानं आपल्यापासूनही लपवलं असेल. म्हणून विचारलं होतं.

दिवाळीला आम्ही येणार नाही. लिंबं वाटून टाकली.

मुग्धा

हिल्सबरो
९ सप्टेंबर २०२५

मुग्धे,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. हे राजाराम. आमच्या म्हाताऱ्यांच्या गटात दर गुरुवारी येतात. ठाण्याला बँकेत होते, इथे लेकाकडे असतात. पत्ते खेळताना लबाडी करतात, पण वाचताना करत नाहीत, म्हणून त्यांना धरलं. (हे लिहायला ते नको म्हणत होते. लिहा म्हटलं.)

मला अक्षर येत नाही. पण कागद किती भरलाय हे दिसतं. तुझं पहिलं पत्र दोन्ही बाजूंनी काळंभोर होतं, आणि मृदुलानं ते दूध उतू जायच्या आत वाचून संपवलं. तेव्हा मनात आलं, पण म्हटलं हिला मीटिंग असेल. मग तुझं दुसरं आलं. पेटीतून मीच काढलं. चार ओळी आणि खाली मोकळं माळरान. तेवढ्यातून मृदुलानं नीलचा फुटबॉल काढला, त्याच्या शाळेचं नाटक काढलं, आणि शेवटी तू मला साष्टांग नमस्कार घातलास. तिथे मला कळलं. तू लग्नात वाकली नाहीस, तर पत्रात काय साष्टांग घालणार?

दोन्ही पत्रं तिच्या खणातून घेतली, पिशवीत कोथिंबिरीखाली घातली, आणि गुरुवारी यांच्यापुढे ठेवली. यांनी पहिलं वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. मग दुसरं वाचलं. ते मला एकदाच पुरलं. 'आपण' म्हणालीस मला. माझ्या पोटची पोर मला 'आपण' म्हणाली, आणि मला ऐकवलं गेलं की नील नाटकात झाड झालाय.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. मला माहीत नव्हतं. मी जे 'माहीत होतं' म्हटलं ते दुसऱ्याच गोष्टीला. मला वाटलं, तुझं नाव लागलंय म्हणजे तुझा वाटा राखलाय. नाव तुझं आणि ताट दुसऱ्याचं, हे मला कोण सांगणार?

आणि सही कशी केली, तेही ऐक. तुझ्या बाबांच्या दुकानातलं वहीपूजन आठवतंय ना? नवी वही पाटावर, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, सुपारी, झेंडू. बाबा पहिल्या पानावर 'श्री' काढायचे आणि मी हळदीकुंकू वाहायची. आत काय लिहिणार, कोणाचं येणं, कोणाचं देणं, हे मी कधी विचारलं नाही आणि विचारायचं असतं हेही मला कोणी सांगितलं नाही. इथे आल्यावर गुरूनं तीच रीत ठेवली. मला किती बरं वाटलं होतं. लक्ष्मीपूजनाला पाटावर लॅपटॉप, त्याच्यापुढे कंपनीची आणि ट्रस्टची फाइल, वर्षाच्या कराचे सगळे कागद त्यातच. फाइलला कुंकू, पेनाला कुंकू. मग गुरू मला पाटापुढे बसवतो, म्हणतो, 'आई, तुझ्या हातानं.' चारचौघांत मला भरून येतं आणि मी रांगोळी काढते. त्याचा अकाउंटंट समीर प्रसादाला असतोच. जाताना तो फाइल घेऊन जातो, आणि मी त्याच्या बायकोची ओटी भरते.

पाटावर मांडलेल्या कागदाला 'तुझ्या पोटात काय आहे' असं विचारायचं म्हणजे नैवेद्याची चव घेऊन बघण्यासारखं. कोणी घेतं का? गुरूला हे ठाऊक होतं. एरवी कुठल्याही दिवशी तो कागद घेऊन आला असता तर मी म्हटलं असतं, थांब, चष्मा आणते. मला चष्म्यानं वाचता येत नाही, पण चष्मा लावला की समोरचा माणूस जरा नीट सांगतो. पूजेला मी चष्मा काढून ठेवते, धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून. त्यानं तोच दिवस निवडला. त्याला आई फसवायची होती, आणि त्यासाठी त्याला देव लागला.

घरात मी काही बोललेले नाही. मृदुलाच्या हातची आमटी खाते आणि छान झालीय म्हणते. झालेली असते छान, त्याला मी काय करू.

पत्र आता यांच्या पत्त्यावर घाल.

आई

हॅमिल्टन
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय आई,

राजारामकाका, हे जसंच्या तसं वाचा, कडू असलं तरी.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. मग डोळे पुसून पुन्हा वाचलं. खरं सांगू? वहिनीनं लिहून घेतलेले तुझे शब्द मला खरे वाटले होते, तसे हेही खरे वाटतात, आणि आता कशावर विश्वास ठेवायचा ते मला समजेनासं झालंय. दादावरचं तुझं प्रेम मी लहानपणापासून बघत आलेय. त्याच्या ताटातली साय आणि माझ्या ताटातलं ताक. त्याला अडचण आली असेल आणि तू म्हटलं असशील, मुग्धा समजून घेईल. मी समजूनच घेत आलेय ना सगळं.

इथे फुकट सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, ट्रस्टी दोघं असले की दोघांची संमती लागते. तुझ्या सहीशिवाय दादाला माझ्या नावानं काही दाखवता येत नाही. मागच्या वर्षीचं निस्तरायचं तर ट्रस्टनंच कर खात्याला खरं सांगायला हवं. मी एकटीनं सांगितलं तर माझा शब्द आणि तुझी सही, आणि सहीच वजनदार. नाहीतर जो पैसा मी बघितलाही नाही त्यापायी मी नीलचे पैसे फेडत बसणार.

यंदाचे कागदही दिवाळीलाच येणार. तू त्याच्या घरात राहतेस. तुझी औषधं, तुझं डॉक्टर, सगळं तोच बघतो. मी तुला सही करू नकोस असं म्हणणार नाही. पण केलीस, तर मी काय समजायचं ते समजेन.

मुग्धा

हिल्सबरो
२५ ऑक्टोबर २०२५

मुग्धे,

अक्षर बघून दचकू नकोस. हे मृदुलाच लिहितेय. मीच तिला बसवलंय. लिहून झालं की राजाराम मला वाचून दाखवणार आहेत, हे तिला सांगून ठेवलंय, त्यामुळे आज तिचं अक्षर फार सुंदर येतंय.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. पुढे काय करणार हे आधी सांगायचं आणि मग पाय गळायचे, असं मला नको होतं.

लक्ष्मीपूजनाला नेहमीचीच मंडळी होती. कारखान्यातली दोन कुटुंबं, समीर आणि त्याची बायको. पाट मांडला, फाइल ठेवली, आरती झाली. गुरूनं माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाला, आई, तुझ्या हातानं. मी फाइलला कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नमस्कार केला. मग मृदुलाला म्हटलं, माझा चष्मा दे.

तिनं गुरूकडे बघितलं. मग दिला.

मी म्हटलं, 'गुरू, आता हे वाच.'

तो हसला, म्हणाला उद्या सावकाश सांगतो, लोक जेवायचे थांबलेत. लोक कशाला थांबतायत, ते तर करंज्या खात होते. मी म्हटलं, मला घाई नाही, मी कुठे नोकरीला जाते? मग समीरकडे वळले, तूच सांग म्हटलं, मराठीत, आणि माझ्या कानाशी. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, 'मावशी, तुम्हाला सगळं समजावून झालंय असं गुरूनं सांगितलं होतं. दर वर्षी सांगतो.' म्हणजे त्याच्याशीही खोटं. मला वाटलं होतं मी एकटीच.

समीरनं वाचलं. कंपनीचं रिटर्न वेगळं, ते ठीक होतं. ट्रस्टच्या कागदात यंदाही तुझं नाव, गेल्या वर्षीपेक्षा मोठ्या हिश्शासकट. आणि त्याच्याखाली माझं. मी एवढी श्रीमंत आहे हे मला पहिल्यांदा कळलं. गेल्या महिन्यात नव्या जँडल, म्हणजे त्या रबरी चपला, मागितल्या तर चिरंजीव म्हणाले होते, बघू.

कारखान्यातली मंडळी हळूच अंगणात गेली. मग गुरू बोलायला लागला. सगळेच असं करतात. मशीनचे हप्ते आहेत, कामगारांचे पगार आहेत, यात चोरी काही नाही, पैसा घरातच राहिला. मी विचारलं, मुग्धाचं घर कोणाच्या घरात मोडतं? त्यावर तो ते बोलला. सगळी मुलं शेवटी तेच बोलतात.

'आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही?'

'होता. म्हणून तर इतक्या वर्षांत एकदाही वाच म्हटलं नाही.'

सही केली नाही. पेन पाटावर ठेवलं आणि उठले. गुडघ्यामुळे उठायला वेळ लागतो, दर वेळी गुरू हात देतो. या वेळी समीरच्या बायकोनं दिला.

दुसऱ्या दिवशी समीर एकटा आला. यंदाचा हिस्सा ट्रस्टमध्येच राहील आणि कर पूर्ण भरावा लागेल. गेल्या वर्षीचं कर खात्याला आपण होऊन कळवायचं, की मुग्धाला यातलं काही मिळालं नाही आणि तिला विचारलंही नव्हतं. दंड गुरूला बसेल, थोडा समीरलाही. ते पत्र त्यानं तयार केलंय. गुरूनंही त्यावर सही केली, पण ते पत्र त्यानं माझ्या हातात दिलं नाही, टेबलावर टाकून गेला. राजारामांनी ते मला वाचून दाखवलं आणि मग मी माझी रांगोळी काढली. कोणी मध्ये बोललं नाही तरी शेपूट लांबलीच. तुझे नीलचे पैसे सुरू होतील, थोडा वेळ लागेल म्हणतो समीर.

गुरू माझ्याशी बोलत नाही. डबा नेतो आणि रिकामा आणतो, म्हणजे राग माझ्यावर आहे, भाजीवर नाही. काल माझ्या गोळ्या संपल्या तर नव्या आणून टेबलावर ठेवल्या आणि निघून गेला. वाईट मुलगा असता तर सोपं होतं. मी रागावून मोकळी झाले असते.

आता मृदुलाचं. तिला विचारलं, का केलंस? म्हणाली, यांनी सांगितलं, आईंना त्रास नको, मुग्धाताईंना मी बघतो. आणि घर मोडू नये असं वाटलं. मी म्हटलं, तू कामावर दिवसभर लोकांचं बोलणं इकडचं तिकडे पोचवतेस, तिथे असं गाळलंस तर काढून टाकतील. तिच्या डोळ्यांत पाणी आहे आत्ता, कागदावर पडेल. पडू दे. मी तिला माफ केलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही, पण तिच्याकडून एकही ओळ गाळून घेणार नाही, एवढं कळलंय. हेही लिही. लिहिलंस? बरं.

शेवटचं तुझ्याशी बोलायचंय, आणि तेही हिच्याच हातानं लिहिलं जातंय, त्याला इलाज नाही.

गुरूनं मला फसवलं, ते मला वाचता येत नाही म्हणून. मृदुलानं फसवलं, ते नवऱ्याच्या धाकानं. त्यांची कारणं मला सापडली. तुला मात्र वाचता येतं, आणि येऊन मला समोर बसून विचारताही येत होतं. माझ्या नावानं एक ओळ आली, 'माहीत होतं', आणि तुला ती खरी वाटली. रमण गेला तेव्हा तुझ्या दारात दोन महिने मी येऊन राहिले होते, सायही खाल्ली नाही आणि ताकही नाही, तुझ्या हातचा जळका भात खाल्ला. तरी एका ओळीत तुझी आई तुझ्या लेकराचा घास काढणारी झाली. आणि मी खरं सांगितल्यावरही तू लिहिलंस, सही केलीस तर काय समजायचं ते समजेन. म्हणजे मी परीक्षेलाच बसले होते. पास झाले, आता खूश हो.

यात तुझं काय कारण होतं, ते मी इकडे बसून शोधते आहे. मला सापडत नाही.

पत्रानं कळवू नकोस. तुझं म्हणणं मला पुन्हा कोणाच्या तरी तोंडून ऐकावं लागेल, आणि हे एक मला तसं ऐकायचं नाही. गाडी काढ आणि ये. मी बॅग भरून ठेवलीय. हॅमिल्टनपर्यंतच्या रस्त्यात सांग, मी ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसेन. कारण पटलं तर तुझ्याकडे राहीन. नाही पटलं तर दुसऱ्या दिवशी मला इथे आणून सोड.

आई